मिठाची गुळणी: बालसमुपदेशनाचे आठ महिने

माझा मुलगा सहा वर्षांचा. घरी दिवसभर टकळी चालू असते, पण शाळेच्या फाटकातून आत गेला की अवाक्षर नाही. अख्खं सीनियर केजी त्याने न बोलता काढलं. शूला लागली हेही सांगता यायचं नाही, मग ओल्या चड्डीत घरी यायचा. नातेवाईक म्हणायचे, लाजाळू आहे, बोलेल. शाळेतल्या बाई म्हणायच्या, तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो.

इथे नाशिकमध्ये आधी एका केंद्रात सहा सेशन झाली. त्याला आत न्यायचे, आम्ही बाहेर बाकावर. पाऊण तासाने "छान खेळला" एवढंच ऐकायला मिळायचं. 'नाव सांग, मग चॉकलेट' असा तिथला प्रकार कळल्यावर आम्ही थांबलो. पैशांपेक्षा ते दोन महिने वाया गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी कानांची तपासणी करून घेतली, घरी तो बोलतानाचे व्हिडिओ मागवले आणि मग सांगितलं, हा सिलेक्टिव्ह म्युटिझम आहे, म्हणजे घरी बोलणाऱ्या मुलाला ठरावीक ठिकाणी बोलताच न येणं. हट्ट नाही, भीती आहे; बोलायची वेळ आली की गळाच आवळतो. 2013 पासून डीएसएम-5 मध्येही, म्हणजे मानसिक विकारांचं वर्गीकरण करणाऱ्या अमेरिकन संदर्भग्रंथात, याची गणना चिंतेच्या विकारांत होते. ते ऐकून याचे बाबा गाडीत बराच वेळ गप्प बसले होते. त्याला सगळ्यात जास्त रागावले होते तेच.

मॅडमची पद्धत मला शेवटपर्यंत पटली. पहिल्या दिवशी त्या खोलीत नव्हत्याच. मी आणि तो, दार बंद, सापशिडी. पुढच्या वेळी दार किलकिलं. मग त्या कोपऱ्यात पाठ करून काहीतरी लिहीत बसल्या. आठवडाभराने खुर्ची थोडी जवळ. पाचव्या सेशनला त्याच्या सोंगटीला साप लागला आणि तो माझ्याकडे बघत जोरात म्हणाला, "आई, गेलो!" मॅडम शेजारीच होत्या. त्यांनी मान वर केली नाही, फासे पुढे सरकवले. मी रडेन की काय अशी अवस्था, पण टाळ्या वाजवायच्या नाहीत हे आधीच बजावलेलं होतं. कौतुकाचा गाजावाजा झाला की मूल पुन्हा मिटतं.

खरं काम मात्र आमच्यावर झालं. त्याच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. प्रश्न विचारून पाच सेकंद थांबायचं (करून बघा, किती लांब वाटतात ते!). मान हलवून भागेल असा प्रश्न टाळायचा. 'दूध हवं का?' ऐवजी 'दूध की ताक?' आजींना हे सगळ्यात जड गेलं. पाहुणा आला की "अरे, नमस्कार म्हण" हे तोंडातून निघायचंच. मॅडमनी त्यांना एका सेशनला मुद्दाम बोलावून घेतलं, आणि आता त्याच जावांना थांबवतात.

शाळेतही हेच पायरीपायरीने चाललंय. भरायच्या पंधरा मिनिटं आधी रिकाम्या वर्गात मी आणि तो गोष्ट वाचतो. मग एक मित्र, मग वर्गशिक्षिका. तोंडी परीक्षेला घरचं रेकॉर्डिंग चालवून घेतलं, यासाठी मी वर्गशिक्षिकांची ऋणी आहे.

खर्च सेशनला नऊशे रुपये, सुरुवातीला आठवड्याला एक. आमच्या विम्यात ओपीडी नाही, त्यामुळे सगळं खिशातून. ज्यांना झेपत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची चौकशी करा. ही केंद्रं ज्या सरकारी योजनेत चालतात, त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतची मुलं येतात. एका रात्री मीच पार खचले होते, तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन केला. मराठीत, शांतपणे ऐकून घेतलं, एक पैसा लागला नाही.

कुठेही जा, आधी दोन गोष्टी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. आणि आईबाबांना आत कधी घेणार? दुसऱ्याचं उत्तर 'गरज नाही' असेल तर उठून या.

तक्रार एकच, संध्याकाळची वेळ मिळायला तीन आठवडे लागतात.

हजेरीला तो अजून 'प्रेझेंट' म्हणत नाही, हात वर करतो. पण मधल्या सुट्टीत दोघा मित्रांशी बोलतो आणि बाईंच्या कानात पाणी मागतो. जूनमध्ये वर्ग बदलेल, बाई बदलतील. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी नवा वर्ग उघडून द्यायला मुख्याध्यापिका तयार आहेत. सापशिडी घेऊनच जाणार आहोत.