जुन्या स्टॅबिलायझरच्या बोर्डावर केलेला टाकीचा कंट्रोलर: दहा महिन्यांनंतर

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी नळाचं पाणी खाली हौदात पडतं आणि अर्धा एचपीची मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. टाकी भरली का हे बघायला आई दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढायची. तिच्यासाठी मार्चमध्ये टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा हा कंट्रोलर केला. अर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड, तेवढा नवा घेतला. बाकी माळ्यावरच्या बंद फ्रिज-स्टॅबिलायझरचा बोर्ड आणि जुन्या सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर.

रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, सुटा काढत बसू नका. बोर्डावर रिले, त्याचा ट्रान्झिस्टर, कॉइल सुटतानाचा झटका जिरवणारा उलटा डायोड हे सगळं आधीच जुळवलेलं असतं. मी स्टॅबिलायझरचा रिले चालवणारा एलएम३२४ आयसी सॉकेटमधून उपसला आणि त्याच्या आउटपुटच्या जागी नॅनोची पिन दिली. एका संध्याकाळचं काम. डब्यातला ट्रान्सफॉर्मर मात्र अजिबात वापरू नका. तो ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो, वायंडिंग थेट मेनला जोडलेलं, आणि आपल्याला तर पाण्यात वायरी सोडायच्यात. मी त्याच्याकडे जाणाऱ्या बोर्डावरच्या सगळ्या तांब्याच्या पट्ट्या ब्लेडने कापून मीटरने दोनदा तपासल्या. ट्रान्सफॉर्मरच्या उष्णतेत राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही लगेच बदलले. दर १० अंशांनी तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

पहिली चूक सेन्सरमध्ये झाली. पाणी कुठवर आलं ते कळायला टाकीत सोडलेल्या तांब्याच्या तारांना सतत ५ व्होल्ट दिले होते. तीन आठवड्यांत तारा हिरव्या पडून झिजल्या, कारण डीसीने, म्हणजे एकाच दिशेच्या करंटने, पाण्यात इलेक्ट्रोलिसिस होऊन धातू विरघळतो. आता स्टीलच्या सळ्या आहेत, आणि दर दहा सेकंदांनी काही मिलिसेकंदच व्होल्टेज देतो. आजवर डाग नाही.

जुलैत आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. भिंतीला ओल, बोर्डावर ओल, सेन्सर भलतंच दाखवायला लागला. उद्यमनगरात मोटर वायंडिंग करणाऱ्या एका मामांनी त्यांचं इन्सुलेटिंग व्हार्निश वाटीभर दिलं. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट थर) धुतला, बोर्ड वाळवला आणि व्हार्निशचे दोन हात मारले. गणपतीपर्यंत एकदाही तक्रार आली नाही.

खरा दणका ऑक्टोबरात बसला. रिलेवर १० अँपिअर लिहिलंय म्हणून मी निर्धास्त होतो, पण मोटर सुरू होताना एरवी चालताना लागणाऱ्या करंटच्या पाच-सहा पट ओढते. रिलेचे आधीच झिजलेले कॉन्टॅक्ट (करंट जोडणारी टोकं) चिकटले आणि टाकी पहाटेपर्यंत ओसंडत राहिली. मोटर २० मिनिटांनी बंद करायची प्रोग्राममधली मर्यादा कामाला आली नाही. कॉन्टॅक्ट चिकटल्यावर नॅनोच्या हातात काही उरत नाही. इतकं पाणी गटारात गेलेलं बघून फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात नवा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरसाठीचा दणकट रिले, आणला. आता जुना रिले फक्त त्याची कॉइल ओढतो. कॉइल सुटताना नॅनो रीसेट व्हायचा, म्हणून तिच्यावर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका जिरवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) टाकला. शिवाय मोटरच्या लाइनला स्वयंपाकघराच्या दाराशी एक एमसीबी (हातानेही बंद करता येणारा सुरक्षा स्विच) बसवला, आईच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर.