घरी येणारा, बाजारातला की बांबोळीचा? फिजिओथेरपिस्ट निवडताना

आईचा गुडघा बदलला. घरी सोडताना सर्जन म्हणाले, "माझं काम झालं, आता फिजिओचं." आम्ही डिचोलीचे. समोर तीन वाटा होत्या: बांबोळीला गोमेकॉतला (गोवा मेडिकल कॉलेज, सरकारी हॉस्पिटल) विभाग, बाजारातलं क्लिनिक, नाहीतर घरी येणारा. दोन महिन्यांत तिन्ही करून पाहिल्या.

बांबोळीला सर्जन आणि फिजिओ एकाच आवारात. टाक्यांची शंका आली की त्याच फेरीत दाखवता येते, खर्चही खाजगीच्या मानाने किरकोळ. घरात कुणाला लकवा झाला असता तर मी दुसरा विचार केला नसता. पण वॉकरवरच्या बाईला घेऊन डिचोलीहून पणजी, तिथे उतरून पुन्हा दुसरी बस, आणि हे आठवड्यातून तीनदा? टॅक्सीच्या भाड्याबद्दल गोव्यातल्या माणसाला मी काय सांगावं.

मग बाजारातलं क्लिनिक. तिथे आईला खाटेवर निजवलं, गुडघ्याला चार पॅड चिकटवले, मशीन चालू केलं आणि तिथली मुलगी बाहेर गेली. वीस मिनिटांनी पिप्‌ वाजलं, पैसे दिले, घरी आलो. चार दिवस हेच. गुडघा किती वाकतो हे कुणी मोजलं नाही. पाचव्या दिवशी डायथर्मीचा, म्हणजे यंत्राच्या लहरींनी आतपर्यंत ऊब देणारा, शेक द्यायला निघाले तेव्हा मीच म्हटलं, आत धातूचा सांधा आहे. असा शेक धातूवर देत नाहीत, पेसमेकर असलेल्यालाही नाही. हे त्यांनी मला विचारायचं, की मी त्यांना सांगायचं? ते क्लिनिक तिथेच सुटलं.

घरी येणारा महाग पडतो, कारण येण्याजाण्याचा वेळही तो धरतो. यंत्रं आणत नाही. आमच्याकडे आला तो एक बॅग घेऊन. त्यात कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी. गुडघा ७५ अंश वाकला, वहीत लिहिलं. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवून मांडी आवळायला लावली. मग बाहेर येऊन आमच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या पाहिल्या, प्रत्येक वेगळ्या उंचीची, आणि म्हणाला, "काकी, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी." आई तीन दिवस ते पुटपुटत होती. क्लिनिकच्या सपाट फरशीवर त्या पायऱ्या कोण पाहणार?

एकदा आईची पोटरी सुजून दुखत होती. मी म्हटलं, जरा चोळून द्या. त्याने हात लावला नाही. रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टरांना दाखवा म्हणाला. गुठळी निघाली नाही, पण त्या दिवसापासून माझा विश्वास बसला.

पदवी मात्र विचाराच. बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून साडेचार ते पाच वर्षांची, एमपीटी ही त्यापुढची पदव्युत्तर दोन वर्षं, आणि एमपीटीत विषय असतो: हाडं-सांधे, मेंदू-मज्जासंस्था, खेळ वगैरे. फुटबॉल खेळताना घोटा मुरगळलेल्या पोराला आणि लकव्याच्या आजोबांना एकच माणूस सारखाच उपयोगी पडेल असं नाही. मालिश करणारा वेगळा, फिजिओ वेगळा. आपल्याकडे दोघांनाही 'डॉक्टर' म्हणून मोकळे होतात.

माझं मत विचाराल तर ऑपरेशननंतरचे पहिले तीन-चार आठवडे घरी येणारा घ्या, पैसे गेले तरी. काठीवर चालायला लागलं की क्लिनिक बरं. सायकल, वजनं, दोन्ही हातांनी धरून चालायचे पॅरलल बार घरी कुठून आणणार? आम्ही दुसरं क्लिनिक धरलं, तिथे मशीन दहा मिनिटं आणि व्यायाम अर्धा तास. खांदा आखडलेल्याने किंवा कंबर धरलेल्याने घरी बोलावण्याचा खर्च करू नये, सरळ क्लिनिकात जावं.

पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे न्या, बाईमाणसाला सैल सलवार घालून न्या. आई नऊवारीसारखी घट्ट साडी नेसून गेली होती. गुडघा उघडेपर्यंत निम्मा वेळ गेला.