सात महिने मार्कच्या शुभवर्तमानासोबत

बायबलमध्ये येशूची गोष्ट सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत. त्यांतलं फक्त मार्कचं शुभवर्तमान असलेली, खिशात मावणारी पुस्तिका जानेवारीत घेतली. घरी आजीचं जाडजूड पवित्र शास्त्र, म्हणजे अख्खं बायबल, आहेच, पण ते घेऊन बसने कुठं फिरणार? सुरुवातीला चर्चमध्ये वाचतात तसा रोज एकेक उतारा वाचायचो. मार्चमध्ये एका रविवारी दुपारी आत्याला अख्खं वाचून दाखवलं आणि तेव्हा कुठं हे पुस्तक मला भेटलं. सोळाच अध्याय, पावणेदोन तास लागले.

चार शुभवर्तमानांत हे सगळ्यांत लहान, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सगळ्यांत आधीचं. मत्तय आणि लूक या दुसऱ्या दोन शुभवर्तमानकारांनी ते समोर ठेवूनच लिहिलं, असं ते मानतात. मूळ ग्रीकमध्ये ‘लगेच’ या अर्थाचा शब्द सुमारे ४० वेळा येतो. डोळ्यांनी वाचताना तो खटकतो, ऐकताना मात्र धाप लागल्यासारखी गती येते. हे ऐकवण्यासाठीच लिहिलंय, हे कानाला आपोआप कळतं.

पाचवा अध्याय तर मी कितीदा वाचला असेन. याईर नावाच्या माणसाची मुलगी मरायला टेकलीय, येशू निघालाय, आणि वाटेत बारा वर्षं रक्तस्राव सोसणारी बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो. बाप शेजारी उभा, तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप येतो. मुलीचं वय सांगितलंय अगदी शेवटी: बारा. एका गोष्टीच्या पोटात दुसरी ठेवायची ही मार्कची हातोटी. आणि ‘तलीथा कूम’ हे येशूचे अरामी शब्द तसेच ठेवून पुढं अर्थ दिलाय. म्हणजे ऐकणाऱ्यांना अरामी येत नव्हती.

ती माणसं कोण होती, याच्या खुणा मजकुरातच आहेत. सातव्या अध्यायात यहुद्यांची हात धुण्याची रीत समजावून सांगितलीय. बाराव्यात विधवेच्या दोन नाण्यांची किंमत रोमी नाण्यात दिलीय. लेखकाचं नाव मजकुरात कुठंच नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा ख्रिस्ती लेखक पापियास सांगतो, की मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाष्या, आणि आठवलं तसं मार्कनं लिहिलं, क्रमानं नव्हे. जुनी परंपरा रोमकडे बोट दाखवते, काही अभ्यासक सीरिया म्हणतात. मला रोम पटतं. तिथं सन ६४ च्या आगीनंतर सम्राट नीरोनं ख्रिस्ती लोकांचा छळ केला. सन ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं. लेखन याच काळाच्या आसपासचं मानतात.

म्हणूनच हे मला चरित्र वाटत नाही. यात येशूचा जन्म नाही, बालपण नाही. शिष्यांना पुन्हा पुन्हा काही कळत नाही, अटकेच्या वेळी सगळे पळतात, पेत्र येशूला तीनदा नाकारतो. छळाच्या भीतीपोटी ज्यांनी स्वतःच येशूला नाकारलं असेल, त्यांना ही गोष्ट किती जवळची वाटली असेल! आणि ‘हा खरोखर देवाचा पुत्र होता’ हे म्हणतो कोण, तर वधस्तंभासमोर उभा असलेला रोमी शताधिपती, म्हणजे सैन्यातला अधिकारी. माझ्या मते या लेखनाचं कारण इथंच आहे: हरलेल्यांना सांगायचं, की तुमचा प्रभूही याच वाटेनं गेला.

तक्रार एकच, पण मोठी. चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या ग्रीक हस्तलिखितांत, सिनाई आणि व्हॅटिकन, हे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला संपतं: येशू पुन्हा उठल्याचं ऐकून स्त्रिया त्याच्या कबरेपासून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्यायल्या होत्या. पुढची बारा वचनं नंतर जोडलेली मानतात. या पुस्तिकेत ती सलग छापलीत, आणि टीप इतक्या बारीक टाइपात की भिंग लागावं. तो शेवट ठळक वेगळा दाखवायलाच हवा होता.

त्या दुपारी मी आठव्या वचनावर मुद्दाम थांबलो होतो. आत्या म्हणाली, “अरे, पुढं वाच की. मग त्यांनी सांगितलं कधी?”

पिना सैल झाल्यात, पाचव्या अध्यायाचं पान सुटत आलंय. तरी आत्यासाठी मोठ्या टाइपातली प्रत शोधतोय. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.