कीकॅडवर पहिली पीसीबी: पावसाळा ते दिवाळी वापरल्यानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर कीकॅड, म्हणजे पीसीबी (तांब्याच्या रेषा छापलेलं सर्किट बोर्ड) आखायचं सॉफ्टवेअर, डाउनलोड केलं. आता दिवाळी होऊन गेलीय, म्हणजे चार गोष्टी ठामपणे सांगता येतील एवढा वापर झालाय. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं नाही. टाकीचा पंप चालू-बंद करणारं सर्किट (ईएसपी32 हा छोटा कंट्रोलर, एक रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच, पातळीचा सेन्सर) झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसती भोकं असलेल्या बोर्डावर, वायरी ओढून चालवत होतो. त्याचं नीटनेटकं बोर्ड करायचं, एवढंच डोक्यात होतं.

जुनी मंडळी अजून ईगल हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर सुचवतात. पण जून 2026 मध्ये ईगल बंद होणार हे ऑटोडेस्कने 2023 मध्येच सांगून टाकलं, त्यामुळे आज ते शिकण्यात अर्थ नाही. कीकॅड 1992 मध्ये ग्रनोबलच्या ज्याँ-पियेर शारास यांनी सुरू केलं आणि 2013 पासून सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या लोकांनी त्यात हात घातला. ट्रॅक (तांब्याच्या रेषा) ओढताना आधीचे ट्रॅक आपोआप बाजूला सरकवणारा राउटर ही सर्नची देणगी. पूर्ण फुकट, इंटरनेटशिवाय चालतं आणि बोर्ड केवढं असावं यावर बंधन नाही.

नवख्याला सगळ्यात जास्त छळते ती एकच गोष्ट: इथे चिन्ह वेगळं आणि फुटप्रिंट, म्हणजे बोर्डावर पार्ट बसायच्या जागेचा आराखडा, वेगळं. स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) रेझिस्टर ठेवला म्हणजे बोर्डावर रेझिस्टर आला असं होत नाही. तो 0805 (बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटणारा चिमुकला) आहे की लांब पायांचा, हे तुम्हीच सांगायचं. पहिले काही दिवस मला हा निव्वळ कारकुनी छळ वाटायचा. आता माझं मत उलटं आहे. पीसीबी शिकणं म्हणजे बव्हंशी हेच शिकणं. बीसी547 ट्रान्झिस्टरचे पाय कलेक्टर-बेस-एमिटर या क्रमाने, तर 2एन3904 चे नेमके उलट. दोन्ही दिसायला जुळी भावंडं, दुकानदार एकाच्या जागी दुसरा बिनदिक्कत देतो. ब्रेडबोर्डवर फिरवून लावता येतो, पण छापून आलेल्या बोर्डावर पाय पिळत बसावं लागतं. एएमएस1117 या व्होल्टेज रेग्युलेटरचंही तसंच. त्याची मागची रुंद पट्टी ग्राउंडला असणार असं आपण सवयीने धरतो, पण ती आउटपुटला जोडलेली असते. कीकॅडच्या लायब्ररीत हे बरोबर आहे, त्या फुटप्रिंटच्या नावातच ‘टॅबपिन2’ लिहिलेलं असतं. नावं वाचायची सवय लावून घ्या.

लायब्ररी प्रचंड आहे. ईएसपी32 च्या फुटप्रिंटमध्ये अँटेनाखाली तांबं नको म्हणून राखीव जागासुद्धा आधीच आखलेली मिळते. पण लायब्ररी तुमचा सोल्डरिंगचा हात ओळखत नाही. टीओ-92 आकाराच्या (बीसी547 सारख्या) ट्रान्झिस्टरचं साधं फुटप्रिंट निवडलं तर पायांत 1.27 मिलिमीटर अंतर मिळतं, तिथे दोन पॅड (पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या टिकल्या) जोडले न जाता सोल्डर करायला सराव हवा. त्याच यादीत ‘वाइड’ नावाचं 2.54 वालं आहे, ते घ्या.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे मिळणारे स्क्रू टर्मिनल आणि बटणं यांची डेटाशीट (मापांचा अधिकृत कागद) कुठून आणणार? त्यांच्यासाठी व्हर्नियर कॅलिपर लागतोच. माझी पद्धत अशी: बोर्ड साध्या कागदावर 1:1 छापायचं, कागद थर्मोकोलवर ठेवायचा आणि प्रत्येक पार्टचे पाय त्यातून टोचून बघायचे. रिलेचा मधला पाय अर्धा मिलिमीटर जरी बाजूला गेला तरी इथेच कळतं. थ्रीडी व्ह्यूमध्ये बोर्ड झकास दिसतं, पण झकास दिसणं आणि पाय भोकात जाणं यांचा फारसा संबंध नाही.

ग्राउंडचं तांबं भरणं, म्हणजे झोन आखून कीबोर्डवर ‘बी’ दाबणं, हा सगळ्यात समाधानाचा क्षण. तिथे ‘थर्मल रिलीफ’ चालू राहू द्या. पॅड आणि भोवतालचं तांबं यांच्यात चार बारीक दांड्याच उरतात. तसं नसेल तर आपल्या 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता तांबं पिऊन टाकतं आणि सोल्डर वितळायचं नावच घेत नाही. ट्रॅकची रुंदी मात्र अंदाजाने ठरवू नका. सोबतच्या कॅल्क्युलेटरमध्ये करंट टाकला की उत्तर येतं: नेहमीच्या 35 मायक्रॉन तांब्यावर दहा अंश तापमानवाढ धरली तर 1 अँपिअरला 0.3 मिलिमीटर, आणि 5 अँपिअरला जवळपास पावणेतीन. पंपाची 230 व्होल्टची बाजू मी बोर्डाच्या एका टोकाला ढकलली आणि रिलेखाली चक्क खाच कापून घेतली. सुरक्षिततेच्या बाबतीत काटकसर नको.

आता तक्रारी. ‘पॉवर इनपुट पिन कोणी चालवत नाही’ अशी इलेक्ट्रिकल तपासणीतली चूक प्रत्येक नवख्याला दिसते आणि प्रत्येक जण हैराण होतो. उपाय एवढाच, की वीज बाहेरून कनेक्टरमधून येते हे सांगायला पॉवर फ्लॅगचं चिन्ह लावायचं. हे प्रोग्रामने तिथल्या तिथे समजावून सांगायला काय हरकत होती? ऑटोराउटर (सगळे ट्रॅक आपोआप ओढणारा) सोबत येत नाही, बाहेरून फ्रीराउटिंग नावाचा प्रोग्राम जोडावा लागतो. छोट्या बोर्डाला त्याची गरज नाही असं माझं मत, हाताने ओढा. शिवाय नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही, तेव्हा मित्राबरोबर काम करत असाल तर दोघांनी मिळूनच अपडेट करा.

पुण्या-मुंबईच्या बाहेरच्यांना बोर्ड छापून घ्यायची अडचण आता उरलेली नाही. गर्बर (तांब्याच्या थरांचे नकाशे) आणि ड्रिल (भोकांच्या) फाइली झिप करून अपलोड केल्या की देशातले कारखानेही घेतात आणि चीनमधलेही. चीनमधून पाच बोर्डं मागवली तर बोर्डांपेक्षा कुरिअर आणि कस्टम्सच जड पडतं, म्हणून मी दोन-तीन डिझाइनं साठवून एकदम पाठवतो. आणि हो, लॅपटॉपच्या टचपॅडवर राउटिंग करायला जाऊ नका. चाक असलेला तीनशे रुपयांचा माउस आधी आणा.