कार्बोरेटर रिपेअर किट: रबर वापरा, पितळ बाजूला ठेवा

वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी मोटरसायकल पहिली गाडी म्हणून दुरुस्तीला घेतली की सगळ्यात आधी मागवलं जातं ते कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, दुरुस्तीचं हे पाकीट. आत तळहातावर मावेल एवढा ऐवज: फ्लोट बाउलचं (तरंगता फ्लोट असलेल्या पेट्रोलच्या वाटीचं) गॅस्केट, तीन-चार ओ-रिंगा, फ्लोट नीडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) आणि तिची सीट, मेन जेट, स्लो जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकांची पितळी नळकांडी), जेट नीडल (मेन जेटवर वरखाली होणारी निमुळती सुई), मिक्स्चरचा स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण जुळवणारा) स्प्रिंगसकट. पाकिटावर 'पूर्ण किट' छापलेलं असतं आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. जुनं सगळं काढून नवं सगळं बसवलं, तर नुसत्या साफसफाईने चालू झाली असती अशी गाडीही धड चालेनाशी होते.

रबराचा माल बहुतेक किटमध्ये ठीक असतो, आणि पैसे वसूल होतात ते त्यातच. जुनं गॅस्केट चपटं होऊन कडक झालेलं असतं. नखाने दाबून खड्डा पडला नाही तर ते संपलं. रिंगा व्हायटॉनच्या, म्हणजे पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या, मिळाल्या तर त्याच घ्या. हलक्या रबराच्या रिंगा इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये फुगतात, आणि फुगलेलं गॅस्केट एकदा बाउल उघडला की परत खाचेत बसत नाही.

पितळेचं प्रकरण वेगळं. जेट सहसा झिजत नाही, तो चोंदतो. कंपनीचा मूळ जेट साफ केला की पुन्हा नेमका चालतो. किटमधल्या जेटचं भोक मात्र छापील नंबराशी जुळेलच असं नाही. शिवाय नंबर देण्याच्या पद्धती दोन आहेत: एकीत आकडा भोकाचा व्यास सांगतो, दुसरीत त्यातून किती पेट्रोल वाहतं ते. त्यामुळे दोन बनावटींचे १०० नंबर एकसारखे नसतात. जेट नीडलचंही तेच. निमुळतेपणात किंचित फरक असला की अर्ध्या थ्रॉटलवर गाडी एक तर अडखळते, नाही तर काळा धूर सोडते. जुनी नीडल वाकलेली किंवा घासलेली नसेल तर तीच ठेवा, आणि तिच्यावरची क्लिप कुठल्या खाचेत होती ते काढण्याआधी लिहून घ्या.

स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. जेट उजेडासमोर धरला की स्वच्छ गोल ठिपका दिसायला हवा. कडा हिरवट किंवा चंद्रकोरीसारखी दिसली तर आत अजून वार्निश, म्हणजे सुकलेल्या पेट्रोलचा थर, आहे. कार्ब क्लीनर, मग विजेच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार, मग हवेचा फवारा. स्टीलची तार किंवा ड्रिल लावलात तर भोक मोठं होतं आणि मग किटमधला जेट बसवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. क्लीनर मारण्याआधी रबर सगळं काढा, आणि डोळ्यांना चष्मा लावा. एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो. तो तसा येणं हीच वाट मोकळी असल्याची खूण.

मिक्स्चरचा स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेरे जातो ते मोजा, पण टेकला की थांबा. आवळलात तर टोक सीटमध्ये रुतून मोडतं. बसवताना स्प्रिंग, वॉशर, शेवटी ओ-रिंग हा क्रम. पुष्कळदा जुनी ओ-रिंग आतच चिकटून राहते आणि तिच्यावर नवी चढते. मग आयडलिंग काही केल्या लागत नाही.

किटमध्ये पेचकस नसतो हे साहजिकच, पण अर्धी कार्बोरेटर तिथेच वाया जातात. जपानी कार्बोरेटरच्या स्क्रूंना जेआयएस (जपानी मानकाचं) टोक लागतं. साधा फिलिप्स घसरतो, डोकं गोल होतं. फ्लोटची पिनही हातोडीने ठोकू नका. तिचा खांब कच्च्या धातूचा असतो, तुटला तर अख्खा बाउलवरचा भाग गेला. व्हॅक्यूम स्लाइडवाल्या (आतली सरकती झडप हवेच्या ओढीने उचलणाऱ्या) कार्बोरेटरचा डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, बहुतेक किटमध्ये नसतो, तो वेगळाच बघावा लागतो.

राहिली फ्लोट नीडल. जुन्या नीडलच्या टोकावर गोल वळ उमटलेला दिसला तर ती बदलायचीच, आणि सीट सुटी असेल तर जोडीने. नवी नीडल लांबीला थोडी कमी-जास्त निघते, म्हणून फ्लोटची उंची पुन्हा मोजायची: कार्बोरेटर तिरपा धरून, फ्लोटची पट्टी नीडलच्या स्प्रिंगवाल्या पिनीला नुसती टेकलेली असताना, पिन दबलेली नसताना. आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या.

गाडीवर चढवण्याआधी कार्बोरेटर सरळ धरून नळीने पेट्रोल भरा आणि दहा मिनिटं खाली कागद ठेवा. थेंब पडला तर नीडल धरत नाही. तसंच बसवलं तर पेट्रोल रात्रभर सिलिंडरमधून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिन ऑइलच्या भागात, उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलेपर्यंत किक मारू नका.