रक्तदानाचं काम तालुक्यांत न्यायचंय: शहराचं एक पथक की गावोगावचे गट?

रामटेक, पारशिवनी, कुही, भिवापूरकडे रक्तदानाचं काम न्यायचं, तर नागपुरात एक पक्कं पथक उभारून फिरायचं, की गावोगावी सात-आठ जणांचे गट बांधायचे? ओळखीची काही तरुण मंडळी सध्या या पेचात आहेत. मी दोन्ही केलंय, म्हणून सांगतो.

पथक लवकर उभं राहतं. रक्तपेढीशी बोलायचं, गाडी ठरवायची, रविवारी शिबिर. हिशेब एका जागी राहतो. संस्था नोंदवायला किमान 7 जण लागतात, तेही शहरात सहज जमतात. गावच्या गटाला मात्र नोंदणीशिवाय वर्गणी जमवायची तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी काढावी लागते, आणि शेतमजुराला हे हेलपाटे परवडत नाहीत. पैशाचं काम पथकाकडेच ठेवा.

पण विदर्भात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार. थॅलेसेमियाच्या लेकराला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि साठवलेल्या लाल पेशी फार तर 42 दिवस टिकतात. मे महिन्यात कॉलेजं बंद, पारा 45 च्या घरात, शिबिरं आटलेली. अशा वेळी वर्षातून एकदा येणारं पथक पुरं पडत नाही.

रामटेकच्या पुढे एका गावात आम्ही शिबिर घेतलं होतं. बायका हौसेने रांगेत उभ्या होत्या. बऱ्याच जणींचं हिमोग्लोबिन रक्तदानाला लागणाऱ्या 12.5 च्या खाली निघालं. बोटावर कापूस दाबून त्या एकेक करत परत गेल्या, आणि संध्याकाळी आम्हीही नागपूरला निघालो. त्यांची विचारपूस नंतर कोणीच केली नाही. ते अजून मनाला लागतं.

पुढच्या वर्षी तिथल्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेने, सात जणांचा गट केला. किराणा दुकानात खिळ्याला सुतळीने टांगलेली दोनशे पानी वही: नाव, रक्तगट, शेवटचं रक्तदान. पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने उलटले की नावापुढे खूण. परत गेलेल्या बायकांना उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या काही जणींनी पुढच्या शिबिरात रक्त दिलं. तारीखही गटानेच ठरवली, पेरणी आणि कापूसवेचणी दोन्ही टाळून. आम्ही शहरात बसून ऐन वेचणीतला नोव्हेंबर धरला होता.

गटाला धोका एकच, पण मोठा: तो एका माणसावर उभा असतो. तो कामाला बाहेरगावी गेला की वही बंद. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की गावातले तट गटातही शिरतात. म्हणून वही सांभाळणारे दोघे हवेत, वेगवेगळ्या मोहल्ल्यातले, त्यात एक बाई.

शहरातल्याच वस्त्यांत काम करायचं असेल तर पथक पुरेसं आहे. मेयो, मेडिकल, डागा ही सरकारी रुग्णालयं हाकेवर आहेत. तालुक्यात जायचं असेल तर चार तालुक्यांचं वेळापत्रक आखू नका. एकच तालुका घ्या, तीन गावं निवडा आणि बॅनर छापायला टाकण्याआधी तिथल्या आशाताईंना भेटून या.