मिस्टर फ्रॉस्टी: निळ्या झाकणाचा बिनविजेचा डबा

एचआयव्ही संशोधनासाठी आलेलं रक्त वेगळं करून साठवणं हे माझं रोजचं काम. हाताशी महागडी यंत्रं आहेत, पण परीक्षण लिहावंसं वाटलं ते नळ्यांतल्या पेशी सावकाश गोठवणाऱ्या या प्लॅस्टिकच्या डब्याचं.

प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेला रक्ताचा द्रव भाग, बिचारा गुणी. नळ्या भरा, मायनस ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) मोजण्यापुरतं काम झालं. खरी कसोटी पीबीएमसींची, म्हणजे रक्तातल्या लिम्फोसाइट, मोनोसाइट अशा काही पांढऱ्या पेशींची. त्या काही वर्षांनी जिवंत बाहेर यायला हव्यात. उपचार चालू असलेल्या माणसात लपलेला विषाणू शोधायचा, तर सुप्त सीडी४ पेशींत (एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या पांढऱ्या पेशींत) दहा लाखांमागे जेमतेम एखादीत पुन्हा वाढू शकणारा विषाणू सापडतो. त्यात निम्म्या पेशी मेलेल्या निघाल्या तर शोधायचं काय? आणि उपचारांपूर्वीचा नमुना त्याच माणसाकडून पुन्हा मिळत नाही, तो गेला की गेलाच.

डब्याच्या तळाशी २५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, वर १८ नळ्यांची चकती. डबा मायनस ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवला तरी हे अल्कोहोल गोठत नाही, सावकाश गार होत जातं आणि नळ्यांचं तापमान मिनिटाला साधारण १ अंशाने उतरतं. या वेगाने पेशीतलं पाणी बर्फ होण्याआधी बाहेर पडायला वेळ मिळतो. घाई केली की स्फटिक पेशीच्या आतच तयार होतात. वीज नाही, प्रोग्राम नाही, बिघडायला काही नाही.

याचं मोल कळतं ते नमुने वाटून घेताना. एका प्रयोगशाळेकडून आमच्याकडे पेशी आल्या. वितळवून ट्रिपॅन ब्लू हा रंग घातला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जिकडे तिकडे निळे ठिपके! जिवंत पेशी रंग आत घेत नाही, निळी म्हणजे मेलेली. चौकशी केली तर नळ्या कापसात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात गोठवल्या होत्या. चार ठिकाणचे नमुने एकाच अभ्यासात येणार असतील, तर गोठवण्याची रीतही चारही ठिकाणी एकच हवी. हा डबा ते स्वस्तात जमवून देतो.

कटकटी आहेतच. अल्कोहोल दर पाच वापरांनंतर बदलावं लागतं. डबा फ्रीझरमधून काढून लगेच पुढची बॅच लावता येत नाही, आधी तो खोलीच्या तापमानाला यावा लागतो. अल्कोहोलचा ओला हात लागला की नळीवरची मार्करची अक्षरं पुसतात, आणि नाव नसलेली नळी कुणाच्याच कामाची नाही. छापील क्रायो-लेबलच लावा. अल्कोहोल न लागणारे फोमचे डबेही मिळतात, त्यात ही भानगड नसते.

एक मात्र डबा करून देत नाही. दुसऱ्या दिवशी नळ्या द्रव नायट्रोजनच्या वाफेत हलवायच्या असतात. मायनस ऐंशीला आठवडेच्या आठवडे पडून राहिल्या तर पेशी हळूहळू मरतात. पाठवतानाही तेच: कोरडा बर्फ उणे ७८ अंशांवर, तो प्लाझ्माला पुरतो. पीबीएमसींना नायट्रोजनचा ड्राय शिपरच, म्हणजे द्रव नायट्रोजन शोषून ठेवणारा वाहतुकीचा डबाच लागतो.

घ्यायचाच तर दोन घ्या, म्हणजे एक गार असताना दुसरा वापरता येतो. झाकणावर प्रत्येक वापराची एक रेघ मारा आणि पाच झाल्या की अल्कोहोल ओतून टाका, आमच्याकडे तर याची वहीही नाही.